कास पठारावरील रानफुलांची छायाचित्रे मोबाइलवर कशी घ्यावीत : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कास पठारावर भाद्रपदात पहिल्यांदा जाणाऱ्यांची अडचण बहुधा सारखीच असते. समोर निळ्या-जांभळ्या, गुलाबी, पिवळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे पसरलेले असतात, मोबाइलमध्ये भराभर छायाचित्रे साठत जातात, आणि घरी येऊन पाहावे तर निम्म्या चित्रांत फुलाऐवजी मागचे गवत स्पष्ट आलेले असते, पिवळ्या फुलांचे नुसते पिवळे ठिपके झालेले असतात आणि जी चित्रे बरी आली आहेत त्यांतही फूल नेमके कोणते हे ओळखण्याइतका तपशील नसतो. साध्या मोबाइलवरही हे सारे टाळता येते. मोबाइलचा कॅमेरा कोठे फसतो हे आधी ठाऊक असले आणि फुलाच्या उंचीवर उतरून बसण्याची तयारी असली, की महागड्या कॅमेऱ्यावाचून पुष्कळ काम होते.

चांगल्या छायाचित्राच्या माझ्या दोन कसोट्या आहेत आणि पुढील सर्व सूचना त्यांच्याच आधारे दिल्या आहेत. एक म्हणजे त्या चित्रावरून फूल ओळखता आले पाहिजे, आणि दुसरी म्हणजे चित्र घेऊन आपण उठलो तरी ते झाड होते तसेच उभे राहिले पाहिजे. दुसरी कसोटी कासला विशेष महत्त्वाची आहे. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले हे पठार जांभ्या दगडाचे आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. येथील बहुतेक रानफुलांचे आयुष्य एकाच पावसाळ्याचे असते: बी रुजते, फूल येते, नवे बी पडते आणि झाड सुकून जाते. बी धरण्यापूर्वी जे रोप पायाखाली आले, त्याचा वंश तेथेच खुंटतो.

येथे कासची उदाहरणे दिली असली तरी चाळकेवाडीचे पठार, कोल्हापूरजवळचे मसाई पठार, आंबोलीचा परिसर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडे, म्हणजे कातळाची पठारे, येथेही हीच पद्धत उपयोगी पडते. गर्दी नको असेल तर ही ठिकाणे शिकण्यासाठी अधिक सोयीची आहेत, असे माझे मत आहे.

१. वेळ ठरवावी आणि प्रवेशाची नोंदणी करावी

कासचा हंगाम साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो, मात्र पाऊस कधी आणि किती पडला यावर तो पुढे-मागे होतो. सगळी फुले एकाच दिवशी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. आधी गेंदाच्या पांढऱ्या गोळ्यांनी पठार भरते, मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग चढतो आणि हंगामाच्या उत्तरार्धात सोनकी व कवला यांचा पिवळा रंग वरचढ होतो. कारवी सात वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या फुलते, त्यामुळे केवळ तिच्यासाठी जाणार असाल तर त्या वर्षी ती फुलली आहे की नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

हंगामात पठारावर प्रवेशशुल्क असते, दररोज किती पर्यटकांना सोडायचे याची मर्यादा असते आणि नोंदणी ऑनलाइन करावी लागते. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ही व्यवस्था पाहतात. शुल्क आणि वेळा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवस शक्यतो टाळावेत. फुलाजवळ निवांत बसायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाची पहिली वेळ घेणे सर्वांत चांगले. कुमुदिनीच्या तळ्याकडे जायचे असल्यास सकाळच आवश्यक आहे, कारण ती पांढरी, झालरदार पाकळ्यांची फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटू लागतात.

२. सोबत घ्यावयाची कागदपत्रे आणि साहित्य

- प्रवेश नोंदणीची पावती. घाटात आणि पठारावर नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून ती डाउनलोड करून ठेवावी किंवा तिचा स्क्रीनशॉट घ्यावा.
- छायाचित्र असलेले ओळखपत्र.
- मोबाइल पूर्ण चार्ज केलेला आणि त्यात पुरेशी जागा मोकळी केलेली. सोबत पॉवर बँक.
- चष्मा पुसण्याचे दोन मऊ कापडी तुकडे, प्लास्टिकच्या बंद पिशवीत. पावसात एक भिजतोच.
- गुडघ्याखाली घेण्यासाठी जाड रबराचा किंवा फोमचा लहान तुकडा.
- एक साधी काळी छत्री आणि एक पांढरा हातरुमाल. दोन्हींचा उपयोग पुढे सांगितला आहे.
- एक नाणे किंवा लहान पट्टी, फुलाच्या आकाराचा अंदाज देण्यासाठी.
- छोटी वही आणि पेन्सिल. ओल्या हातांनी पडद्यावर टिपण लिहिणे जिकिरीचे असते.

मोठा ट्रायपॉड नेऊ नये. त्याचे तीन पाय तीन ठिकाणी रोपांवर पडतात आणि कमी उंचीवर त्याचा फारसा उपयोगही होत नाही. मोबाइलला लावायचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचे टिपणारे, भिंग बाजारात स्वस्तात मिळते. ते उपयुक्त आहे, पण पहिल्या भेटीत त्यावाचून काही अडत नाही.

३. मोबाइलची तयारी घरीच करावी

पठारावर पोहोचल्यावर सेटिंग शोधत बसण्याची वेळ येऊ नये. कॅमेऱ्यातील उभ्या-आडव्या रेषांची जाळी सुरू करावी, फ्लॅश कायमचा बंद करावा, आवाजाच्या बटणाने छायाचित्र निघते याची खात्री करून घ्यावी. पाऊस सुरू असताना ओल्या पडद्याला बोटाचा स्पर्श नीट कळत नाही, तेव्हा हे बटण फार कामाला येते. चेहरा किंवा रंग आपोआप सुंदर करणारी सोय असेल तर तीही बंद करावी, कारण ती पाकळ्यांवरील बारीक रेषा पुसून टाकते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर मोबाइल थंड असतो आणि बाहेरची हवा दमट असते, त्यामुळे लेन्सवर लगेच बाष्प धरते आणि पहिली छायाचित्रे धुरकट येतात. उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी गाडीची काच खाली करून मोबाइलला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. मोबाइल पाण्याला दाद देत नाही असे कंपनीने म्हटले असले, तरी चार्जिंगचे भोक ओले असताना त्याला पॉवर बँक जोडू नये.

४. बसण्याची जागा आधी, फूल नंतर

नवा माणूस सर्वांत देखणे फूल शोधतो आणि मग त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी चार पावले फुलांतून टाकतो. क्रम उलटा असावा. आखलेल्या पायवाटेवर, उघड्या कातळावर किंवा मुरमाड जागेवर आधी गुडघे टेकायला जागा शोधावी आणि तेथून हाताच्या अंतरावर जे फूल असेल ते निवडावे. कासवर हे मुळीच अवघड नाही. वाटेच्या अगदी कडेला, कातळाच्या खाचांमध्ये, जेथे इंच-दीड इंच पाणी साचलेले असते, तेथेच सीतेची आसवे आणि गेंद दाटीने उगवलेले असतात.

बसल्यावर मोबाइल उलटा धरावा. बहुतेक मोबाइलची लेन्स वरच्या टोकाला असते. तो उलटा केला की लेन्स थेट जमिनीलगत येते आणि चार-पाच इंच उंचीच्या फुलाकडे त्याच्या बरोबरीने पाहता येते. छायाचित्र आपोआप सुलट होते, न झाल्यास नंतर फिरवता येते. उभे राहून वरून घेतलेल्या चित्रात फूल मातीवर चिकटवल्यासारखे दिसते. त्याच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात त्याचा देठ, त्याची ठेवण आणि मागची मोकळी जागा दिसते. या मार्गदर्शनातील एकच गोष्ट करायची ठरवली, तर ही करावी.

फुलासमोर गवताची काडी आली तर ती बोटाने बाजूला धरावी, उपटू नये. फूल तोडून सोयीच्या जागी ठेवणे आणि त्यावर पाणी शिंपडून दवाचा भास निर्माण करणे हे दोन्ही कटाक्षाने टाळावे.

५. उजेड

रानफुलांसाठी ढगाळ आकाश हे वरदान आहे. ढगांतून झिरपलेला उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या कठोर होत नाहीत आणि पाकळ्यांचे रंग खरे उतरतात. त्यामुळे आभाळ भरून आले म्हणून खट्टू होऊ नये. अशा वेळी जवळून घ्यायची छायाचित्रे आधी उरकावीत आणि ऊन पडले की पठाराच्या विस्तीर्ण दृश्यांकडे वळावे.

भर दुपारच्या उन्हात फूल घ्यावेच लागले तर सोबतच्या माणसाला उन्हाच्या बाजूला छत्री धरून उभे करावे, म्हणजे फूल पूर्णपणे सावलीत येते. मग पांढरा हातरुमाल फुलाच्या दुसऱ्या बाजूला धरला की त्यावरून परतलेला उजेड फुलाची काळवंडलेली बाजू उजळवतो. सावली अर्धवट पडू देऊ नये. अर्धे फूल उन्हात आणि अर्धे सावलीत असेल तर कोणताही मोबाइल दोन्ही बाजू नीट टिपू शकत नाही.

सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे तिरपे ऊन मात्र वाया घालवू नये. फूल आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे बसले तर पाकळ्यांतून आरपार उजेड येतो आणि शिरा उठून दिसतात. या पद्धतीने घेण्याजोगी कासवरची उत्तम वनस्पती म्हणजे दवबिंदू. या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवर केसांसारखे तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. मागून आलेल्या उजेडात प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे चमकतो. समोरून घेतलेल्या चित्रात तेच पान लालसर काडीपलीकडे काही वाटत नाही.

६. फोकस : सर्वाधिक चित्रे येथे बिघडतात

सीतेच्या आसवांचे एक फूल रुंदीला जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि केसाइतक्या बारीक देठावर डोलत असते. मोबाइलच्या दृष्टीने ते इतके लहान असते की तो बहुधा मागच्या दाट गवतालाच मुख्य विषय समजतो. पडद्यावर फुलाला बोट लावले तरी पुष्कळदा फोकस क्षणभर येतो आणि पुन्हा मागे जातो. यावर खात्रीचा उपाय असा आहे.

आपल्या डाव्या हाताचे बोट फुलाच्या अगदी शेजारी, लेन्सपासून तितक्याच अंतरावर धरावे. पडद्यावर त्या बोटावर स्पर्श करून तसाच दाबून ठेवावा. दोन-एक सेकंदांत फोकस आणि उजेडाचे मोजमाप कुलूपबंद झाल्याची खूण पडद्यावर दिसते. आता बोट काढून घ्यावे. फोकसचे अंतर ठरून गेले आहे, त्यामुळे मोबाइल पुन्हा गवताकडे वळत नाही. यानंतर पडद्याला हात न लावता मोबाइलच किंचित पुढे-मागे करावा आणि फूल सर्वांत स्पष्ट दिसेल त्या क्षणी आवाजाचे बटण दाबावे. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्यापूर्वी बटण दाबले तर हात कमी हलतो, आणि दोन्ही कोपरे गुडघ्यांवर किंवा जमिनीवर टेकलेले असतील तर आणखी कमी.

फोकस फुलाच्या कोणत्या भागावर असावा हेही ठरवून घ्यावे. जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्टतेची पट्टी काही मिलिमीटरच असते, म्हणून सगळे फूल स्पष्ट येणार नाही. उघड्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर स्पष्ट असावेत. आभाळीच्या फुलात पुंकेसरांवर जांभळ्या केसांचे झुबके असतात. ते धूसर आले तर चित्राचा प्राणच जातो. सीतेच्या आसवांत खालच्या रुंद पाकळीवरचा फिकट डाग स्पष्ट असावा. फुलाचा पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग हवे असतील तर बाजूने, म्हणजे फुलाच्या पुढून मागे जाणाऱ्या लांबीशी मोबाइल समांतर ठेवून घ्यावे.

७. अंतर आणि लेन्सची निवड

जितके जवळ तितके चांगले, हा समज येथे घात करतो. मोबाइलच्या मुख्य लेन्सला एका ठरावीक अंतरापेक्षा जवळचे स्पष्ट दिसत नाही. अनेक मोबाइलमध्ये हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास, तर मोठ्या सेन्सरच्या मोबाइलमध्ये त्याहूनही अधिक असते. घरी छापील कागदावर हळूहळू जवळ जाऊन आपल्या मोबाइलची ही मर्यादा शोधून ठेवावी. पठारावर त्या मर्यादेच्या किंचित मागे राहून छायाचित्र घ्यावे आणि नंतर कडेचा भाग कापावा. आजच्या मोबाइलच्या चित्रात कापायला भरपूर वाव असतो.

काही मोबाइल फुलाच्या फार जवळ नेल्यावर आपोआप मॅक्रोवर जातात, म्हणजे मुख्य लेन्स सोडून अतिरुंद दृश्याची लेन्स वापरू लागतात. ती दोन-तीन सेंटिमीटरवरूनही स्पष्ट पाहते, हा तिचा मोठा गुण. पण इतक्या जवळ मोबाइलची स्वतःची सावली फुलावर पडते, फूल हलले की लेन्सला आपटते आणि उजेड कमी असेल तर चित्र दाणेदार येते. म्हणून मॅक्रो भरपूर उजेडात आणि वारा पडलेला असताना, गेंदाच्या गोळ्यासारख्या अगदी लहान गोष्टींसाठी राखून ठेवावा. आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी.

लांबचे जवळ आणणाऱ्या लेन्सचा उपयोग वाटेपासून दूर असलेल्या फुलांसाठी होतो. येथे एक सापळा आहे. या लेन्सला जवळचे स्पष्ट दिसत नसेल किंवा उजेड कमी असेल, तर पडद्यावर ‘३ पट’ असे दिसत असूनही मोबाइल गुपचूप मुख्य लेन्सचेच चित्र ताणून दाखवतो. खात्री करण्यासाठी मुख्य लेन्सवर बोट ठेवून पाहावे. पडदा काळा झाला तर दूरची लेन्स काम करत नाही असे समजावे. अतिशय मोठ्या झूममध्ये काही मोबाइल नसलेला तपशील स्वतःच्या अंदाजाने रंगवतात. फूल ओळखण्यासाठी असे चित्र निरुपयोगी असते, कारण पानाच्या कडेवरचे दाते खरे की मोबाइलने काढलेले, हे मग सांगता येत नाही.

पोर्ट्रेट मोड मी रानफुलांसाठी वापरू नये असेच सांगेन. त्यातील मागची धूसरता हिशेबाने केलेली असते आणि बारीक देठ, केसाळ कडा, टूथब्रश आमरीच्या (आमरी म्हणजे ऑर्किड) फुलाचे तंतू या जागी तो हिशेब हमखास चुकतो. देठ मध्येच नाहीसा होतो किंवा पाकळीची कड वितळल्यासारखी दिसते. खरी धूसरता हवी असेल तर फूल जवळ आणि मागचे गवत दूर असेल असा कोन शोधावा.

मागची बाजू फारच गजबजलेली असेल तर काळी छत्री उघडून फुलाच्या मागे दोन-तीन फुटांवर, कातळावर टेकवून धरावी. पांढरी आमरी किंवा गेंद या काळ्या पार्श्वभूमीवर अप्रतिम उठून दिसतात. छत्रीचे टोक कोणत्या रोपावर पडते आहे ते मात्र आधी पाहावे.

८. एक्सपोजर आणि खरा रंग

मोबाइल सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. गर्द हिरव्या गवतात एखादे पांढरे किंवा पिवळे फूल असेल तर तो गवताला उजळवायला जातो आणि फूल जळते, म्हणजे पाकळ्यांवरचा सगळा तपशील नाहीसा होऊन एकरंगी डाग उरतो. जळलेला भाग नंतर कोणत्याही ॲपने परत आणता येत नाही. त्यामुळे फोकस कुलूपबंद केल्यावर शेजारी जे सूर्याचे चिन्ह दिसते ते खाली सरकवून चित्र थोडे गडद करावे. सोनकी आणि कवला यांच्यासाठी अर्ध्या ते पाऊण अंशाने (अंश म्हणजे एक्सपोजरचे एकक, ईव्ही), गेंदासाठी एक अंशापर्यंत उजेड उतरवणे बहुधा योग्य ठरते. पाकळीवरील शिरा आणि घड्या पडद्यावर दिसू लागल्या की थांबावे. कवल्याला पर्यटक मिकी माउस म्हणतात ते त्याच्या पिवळ्या पाकळ्यांवरील तांबड्या खुणांमुळे. उजेड जास्त झाला तर याच खुणा सर्वांत आधी फिक्या पडतात.

धुक्यात नेमके उलट करावे लागते. मागे पांढरे धुके असले की मोबाइल फुलाला काळवंडवतो, तेव्हा चिन्ह थोडे वर सरकवावे.

जांभळ्या आणि निळ्या फुलांचा प्रश्न वेगळा आहे. सीतेची आसवे, आभाळी, कारवी यांचा जांभळा रंग मोबाइलच्या चित्रात पुष्कळदा निळा उतरतो, आणि ढगाळ हवेत तर अधिकच. डोळ्यांना दिसलेला रंग फुलाजवळ बसलेले असतानाच वहीत शब्दांत लिहून ठेवावा, म्हणजे घरी दुरुस्ती करताना आधार राहतो. आपल्या मोबाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग सावरण्याचे सेटिंग, हाताने ठरवण्याची सोय असेल तर ‘ढगाळ’ निवडून त्याच फुलाचे आणखी एक चित्र घ्यावे.

९. वारा

पठारावर वारा असतोच. त्याची झुळूक थांबते तो क्षण धरणे हा मुख्य उपाय आहे, आणि त्यासाठी तयारी पूर्ण करून वाट पाहावी लागते. सोबतच्या माणसाला वाऱ्याच्या बाजूला, वाटेवरच, आडोसा म्हणून बसवावे. बटण दाबून धरून एकापाठोपाठ दहा-बारा चित्रे घ्यावीत. त्यांतील एखादे तरी स्थिर निघते. मोबाइलमध्ये प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवण्याची सोय, असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. हलणाऱ्या फुलावर एचडीआर बंद केलेला बरा, कारण त्यात अनेक चित्रे एकत्र जोडली जातात आणि पाकळीच्या दोन कडा दिसू लागतात. कमी उजेडात आपोआप सुरू होणारा नाइट मोडही याच कारणाने बंद करावा.

१०. एका फुलाची पूर्ण नोंद

फूल ओळखण्यासाठी नुसते समोरचे चित्र पुरत नाही. अभ्यासकाला चित्र दाखवले की तो पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न म्हणजे ‘पान कुठे आहे?’ तेव्हा निवडलेल्या प्रत्येक फुलाची किमान ही चित्रे घ्यावीत:

- फूल समोरून;
- फूल बाजूने. तेरड्याच्या फुलामागे असणारी शेपटीसारखी नळी येथेच दिसते आणि तिच्या लांबी-वळणावरून तेरड्यांच्या जाती वेगळ्या करायला मदत होते;
- फुलाची मागची बाजू, देठ आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचा वेढा;
- पान वरून, आणि हात न लावता जमल्यास खालूनही;
- पान खोडाला जेथे जुळते ती जागा;
- संपूर्ण रोप, भोवतालच्या जागेसह. ते कातळावर आहे, साचलेल्या पाण्यात आहे की झुडपाच्या आडोशाला, हे यातून कळते;
- शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून घेतलेले एक चित्र.

या नोंदीला दोन-तीन मिनिटे लागतात. शंभर फुलांची एकेक चित्रे आणण्यापेक्षा दहा फुलांची अशी पूर्ण नोंद आणणे कितीतरी मोलाचे आहे. तरीही प्रत्येक फुलाचे नाव सापडेलच असे नाही. गेंदाच्या अनेक जाती दिसायला सारख्या असतात आणि त्या नक्की ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचे भाग व बिया तपासाव्या लागतात. तेथे ‘गेंद’ एवढीच नोंद प्रामाणिक ठरते.

११. फुलांचा गालिचा

विस्तीर्ण दृश्य घेताना उभ्याने वरून पाहिले तर फुलांमधल्या मोकळ्या जागा दिसतात आणि रंग विरळ वाटतो. गुडघ्यांवर बसून, फुलांच्या माथ्यांवरून नजर तिरपी लांबवर जाईल अशा उंचीवर मोबाइल धरला, की त्या मोकळ्या जागा झाकल्या जातात आणि रंग दाट होतो. दोन किंवा तीन पट झूम केल्याने हा परिणाम आणखी वाढतो. त्यामुळे दाट गालिचा दाखवण्यासाठी फुलांच्या मध्ये जाऊन उभे राहण्याची गरजच पडत नाही. माणसांची छायाचित्रेही वाटेवर उभे करून याच कोनातून घ्यावीत. फुलांत बसवून घेतलेल्या एका चित्रासाठी दोन-तीन चौरस फूट रोपे चिरडली जातात, आणि त्याच जागी पुढचा माणूसही बसतो.

आकाशाला चित्राचा वरचा एक तृतीयांश भाग द्यावा. ढग विशेष असतील तर अधिक.

१२. घरी परतल्यावर

छायाचित्रांतील धूसर चित्रे त्याच दिवशी काढून टाकावीत आणि उरलेली तारीख व ठिकाणाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. दुरुस्ती करताना कडा कापणे, उजेड थोडा सावरणे आणि जांभळ्याचा निळा झालेला रंग वहीतील टिपणाप्रमाणे परत आणणे एवढ्यावर थांबावे. रंग गडद करणारी पट्टी ओढत नेण्याचा मोह आवरावा. सोनकीचा पिवळा मुळातच पुरेसा तेजस्वी आहे.

नाव शोधण्यासाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर एका फुलाची सर्व चित्रे एकाच नोंदीत चढवावीत. संगणकाने सुचवलेले नाव तात्पुरते मानावे आणि जाणकारांनी दुजोरा दिल्यावरच ते पक्के करावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकाराने लहान होते आणि तपशील गमावते, म्हणून एखाद्या अभ्यासकाला मूळ चित्र पाठवायचे असेल तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

मात्र मूळ चित्रासोबत ते जेथे घेतले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. सर्वत्र दिसणाऱ्या सोनकी-तेरड्याबाबत त्याने काही बिघडत नाही. परंतु कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती, जमिनीवरच्या आमरी आणि मोजक्याच ठिकाणी उगवणारी इतर फुले यांच्या बाबतीत नेमकी जागा जाहीर झाली की कंद उकरून नेणारे आणि केवळ छायाचित्रासाठी झुडपे तुडवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक तेथे पोहोचतात. अशा चित्रांतील स्थानाची माहिती पाठवण्यापूर्वी मोबाइलच्या गॅलरीतून काढून टाकावी, आयनॅचरलिस्टवर स्थान ‘अस्पष्ट’ ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि समाजमाध्यमांवर केवळ ‘सातारा जिल्हा’ एवढेच लिहावे. नेमकी जागा आपल्या वहीत तारखेसह नोंदवून ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तेथे काय उगवते हे पडताळून पाहायला ती नोंद लागते.